एलपीवरून घरच्या घरी सीडी करायची आहे, रेकॉर्डर कुठला घ्यावा?

डेपोअण्णा (मिरज)

नमस्कार मंडळी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. सोल्डरिंग आयर्न धरता येतं, मीटर वाचता येतो. काँप्युटर म्हटलं की मात्र नातू लागतो आणि नातू बेंगळुरूला असतो. हे आधीच सांगून ठेवतो.

वडिलांच्या रेकॉर्डी दोन पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. परवा बसून मोजल्या. ११२ एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डी), चाळीसेक छोट्या ४५ फेऱ्यांच्या, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या १४ लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. त्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या दोन आहेत. खाँसाहेब मिरजेतच राहिलेले, मिरजेच्या घरात त्या नसत्या तरच नवल. एकीला कडेला केसासारखी चीर गेलीय.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मोबाईलवर लावून दिलं तर मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि तिला वाटतं आपण काही बिघडवलं. तिच्याकडे एक सीडी प्लेयर आहे. त्याच्या प्लेच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. तेवढं एक बटण तिला येतं आणि तेवढ्यावर तिचं उत्तम चालतं. म्हणून सीडीच हवी. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ वगैरे कृपया सुचवू नका.

आमचा डेक, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, १९८१चा, बेल्टवर फिरणारा. बेल्टचं डांबर झालं होतं, तो नवा बसवला. फिरतो व्यवस्थित. मागून दोन वायरी निघतात, अर्थची वेगळी वायर नाही.

पर्याय तीन दिसतात. एक, टिॲकचं असतं तसं एकाच पेटीत टर्नटेबल आणि सीडी रेकॉर्डर. दोन, सुटा सीडी रेकॉर्डर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकाकडे वापरलेला टॅस्कॅम कंपनीचा आहे, अठरा हजार म्हणतो. तीन, लॅपटॉप आणि मधे कसला तरी डबा. माझा कल दोन नंबरकडे आहे, कारण त्याला बटणं आहेत. पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाऊ शकतो.

बाहेरून करून घ्या असं कोणी म्हणण्याआधी हेही सांगतो. आमच्या भागातल्या एका दुकानात दोन एलपी देऊन बघितल्या. आठवड्याने सीडी मिळाली, आवाज एकदम स्वच्छ. मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्या त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात टक्-टक् येतं, कारण १९८६ साली चालू रेकॉर्डवर बहिणीच्या हातातली बांगडी पडली होती. सीडीत टक् नाही. पुढे ऐकलं तर गाणं संपताना एक बाई कुठल्याशा वेबसाइटचं नाव सांगते! म्हणजे गड्याने रेकॉर्ड पाकिटातून काढलीसुद्धा नव्हती. पैसे परत मागितले तर म्हणतो, "काका, यात खरखर नाही, उलट चांगलंच दिलंय."

सरळसोट

काका, दुकानदार तसा चूक नव्हता :) सगळं ऑनलाइन पडलंय. ११२ एलपी वाजवत बसणार? आयुष्य जाईल.

डेपोअण्णा (मिरज)

हिशेब केलाय. एका एलपीला पाऊण तास धरला तर नुसतं वाजवायला ८४ तास. रोज एक केली तर चार महिनेसुद्धा लागत नाहीत. आणि मला दुसरं काम काय आहे?

शिवाय सगळं नसतं हो. नाटकाची पदं शोधा, दुसऱ्याच गायकाची मिळतात, नाहीतर मागे ढोलकीचा ठेका घातलेली.

खोपटकर

अण्णा, सुट्या रेकॉर्डरवर मी २००२ ते २०११ तीनशेच्या वर एलपी केल्या, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्हाला बटणं का हवीत ते मला नीट कळतं. सुई ठेवायची, रेकॉर्ड दाबायचं, संपलं. माझ्या नऊ वर्षांत काँप्युटरचा संबंध आला नाही.

आता रडगाणं. पहिली गोष्ट कोऱ्या सीडीची. घरगुती रेकॉर्डर साधी कोरी सीडी घेतच नाहीत. त्यांना 'डिजिटल ऑडिओ' छापलेली वेगळी सीडी लागते. अमेरिकेत १९९२ला घरी गाणी रेकॉर्ड करण्यावर कायदा आला, त्याच काळातल्या कॉपी रोखण्याच्या व्यवस्थेतून हे आलंय. प्लास्टिक तेच, फक्त त्या सीडीत एक खूण असते, ती मशीन वाचतं आणि नसली तर सीडी बाहेर ढकलतं. आपल्याकडे ती सीडी तेव्हाही शोधावी लागायची, आता विसरा. टिॲकच्या पेटीची हीच गोम आहे. टॅस्कॅमचे व्यावसायिक रेकॉर्डर साधी सीडीही घेतात, त्यामुळे घेतलाच तर तोच घ्या. साध्या कोऱ्या सीडीही जपून वापरा. एकेकाळी पन्नासची चळत चहाच्या टपरीशेजारी मिळायची. कोऱ्या सीडी बनवणारी मोझर बेअर तर २०१८मध्ये अवसायनात गेली.

दुसरी गोष्ट गाणी तोडण्याची. या मशीनमध्ये ऑटो ट्रॅक असतो. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की मशीन समजतं गाणं संपलं, आणि पुढचा नंबर टाकतं. सिनेमाच्या गाण्यांना ठीक आहे. मी एका ख्यालाच्या एलपीला लावला. बुवांनी आलापात श्वास घेतला की नवा ट्रॅक! एका बाजूचे अकरा तुकडे झाले. उलट जुन्या खरखरीत रेकॉर्डवर दोन गाण्यांमधली खरखरच इतकी मोठी की मशीनला शांतता सापडेना, सगळी बाजू एकच ट्रॅक. शेवटी रिमोट हातात घेऊन बसायचो आणि गाणं बदललं की स्वतः बटण दाबायचो. जेवण तिथेच.

तिसरी गोष्ट लाईटची. सीडीवर लिहिणं चालू असताना लाईट गेली की ती सीडी बाद. चौतीस मिनिटं लिहून झाली होती का दोन, फरक नाही. आणि शेवटी 'फायनलाइझ', म्हणजे सीडी लिहून पूर्ण झाल्याची नोंद, करायचं राहिलं तर तुमच्या मशीनवर वाजेल, आईच्या प्लेयरवर वाजणार नाही. मी एकदा मेहुणीच्या लग्नात अशी सीडी भेट दिली होती. अजून ऐकवतात.

आवाजाची पातळीही आधीच ठरवावी लागते. एलपीवरची सगळ्यात जोरकस जागा शोधून काटा तिथे बसवायचा. जरा चुकलं आणि तबल्याची थाप लाल दिव्यात गेली तर ती फाटलेलीच राहणार, पुन्हा पहिल्यापासून.

आणि अठरा हजार देण्याआधी त्याला समोर एक पूर्ण सीडी लिहायला लावा. नुसती वाजवून दाखवली तर भुलू नका. वाजवायला लेसर कमी ताकदीचा चालतो, लिहायला जास्त लागतो, आणि म्हातारा झालेला लेसर आधी लिहिणं सोडतो. माझा तसाच गेला. सुटा भाग मिळेना, आता त्यावर मनीप्लांट आहे.

इंदुरी_पोहे

एका पेटीवाला मी आहे. चुलतभावाने अमेरिकेतून आणला. मी उत्साहात प्लग बदलला आणि सरळ भिंतीत लावला. तिकडचं मशीन ११०-१२० व्होल्टचं, आपले २३०. गरम मेणासारखा वास आला, मग काही नाही. दुरुस्त होऊन आला तेव्हा छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालवला. आवाज बरा, पण कार्ट्रिज (सुई धरून तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) सिरॅमिक आणि सुई वजन देऊन बसणारी. चांगल्या रेकॉर्डवर ठेवताना माझं काळीज हलायचं. बायको म्हणाली, मग ठेवता कशाला. विकला.

फेडर (पुणे)

अण्णा, मी ध्वनिमुद्रणातच काम करते, त्यामुळे जरा उलट्या बाजूने सांगते. रेकॉर्डर शेवटी निवडा. आधी सुई बघा.

अर्थची वायर नाही म्हणता, म्हणजे तुमच्या डेकला बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज आहे. मीटर आहेच तर खात्री करून घ्या. लीड काढून एका चॅनेलच्या दोन टोकांत क्षणभर रेझिस्टन्स बघा. काही शे ओहम ते हजार-दीड हजार दाखवला तर आत कॉइल आहे, म्हणजे मॅग्नेटिक. काहीच दाखवलं नाही, ओपन, तर सिरॅमिक.

फरक का पडतो तर मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट देतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे सूर चढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना ते उलटं करावं लागतं. हे दोन्ही काम फोनो प्रीॲम्प करतो. सीडी रेकॉर्डरच्या मागे असतं ते नुसतं लाइन इनपुट, त्यात फोनो नसतो. टॅस्कॅम आणून डेक थेट जोडला असता तर डासासारखा आवाज आला असता आणि तुम्ही लॅमिंग्टन रोडवाल्याला शिव्या दिल्या असत्या.

सिरॅमिकचं उलट. व्होल्टेज भरपूर, त्यामुळे फोनोत लावलं तर आवाज फाटतो. लाइनमध्ये लावलं तर खर्ज गायब. तुम्ही इलेक्ट्रिशियन, तुम्हाला एका वाक्यात कळेल. सिरॅमिक म्हणजे सिरीजमध्ये बसलेला छोटा कपॅसिटर. त्याच्यापुढे एक मेगओहमच्या आसपास लोड हवा, आणि लाइन इनपुट देतं दहा-वीस किलोओहम. सगळा खर्ज कपॅसिटरमध्येच अडकतो.

म्हणून माझं मत, पैसे डेकवर घाला. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स यूएसबी बघा. बजेट थोडं ताणेल. त्यात प्रीॲम्प आत आहे, यूएसबीने थेट लॅपटॉपला लागतो, आणि ७८चा वेग आहे. धाकटा एलपी६० स्वस्त, पण तो ३३ आणि ४५वर थांबतो. तुमच्या त्या चौदा उपाशी राहतील.

आणि चौदांसाठी सुई वेगळी घ्या, यात काटकसर नको. ७८ची खाच एलपीच्या तिप्पट रुंद असते. एलपीची सुई त्यात म्हणजे मोटारीच्या रस्त्यावरून सायकल, तळातल्या धुळीतून घासत जाते. त्याच डेकच्या कार्ट्रिजला बसणारी ७८ची सुई मिळते, व्हीएमएन९५एसपी. ओढून काढायची, दुसरी खोचायची. फक्त वजन एलपीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, पत्रकात आकडा असतो. रेकॉर्ड केल्यावर दोन्ही चॅनेल मिसळून मोनो करा. लाखेच्या या रेकॉर्डीत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. वर-खाली जी हालचाल होते ती सगळी खरखर, मोनो केलं की त्यातली बरीचशी आपसांत कटते. चीर गेलेली मात्र आधी धुळीची समजून धुऊ नका, पाणी आत जाईल.

धुण्यावरून आठवलं. एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात लावू नका. सुतार पॉलिशसाठी लाख कशात विरघळवतो ते आठवा.

लॅपटॉपला घाबरू नका. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. खोपटकरदादांच्या चारपैकी तीन कटकटी तिथे संपतात. ट्रॅक कुठे तोडायचे ते नंतर डोळ्यांनी लाटा बघून ठरवायचं. पातळी भरपूर खाली ठेवायची, जोरकस जागा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, नंतर चढवता येतं. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर असतो, तोवरचं रेकॉर्डिंग हातात राहतं. उलट रेकॉर्ड करताना चार्जर काढूनच ठेवा, तो लावला की पुष्कळदा घूंऽ असा आवाज येतो. फक्त लॅपटॉपच्या माइकच्या भोकात काही खुपसू नका, ते बहुधा मोनो असतं.

सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. सीडी तेवढीच घेते. मिनिटाला साधारण दहा एमबी, म्हणजे ११२ एलपी ५० जीबीत बसतात. सीडी लिहिताना 'डिस्क ॲट वन्स' (सगळी सीडी एका दमात लिहिणं) निवडा, नाहीतर दर ट्रॅकमध्ये दोन सेकंद पोकळी पडते. मैफलीच्या रेकॉर्डवर टाळ्या मध्येच तुटल्या की कानाला फार लागतं.

खोपटकर

ताई, माझी तिसरीही संपली नाही. लॅपटॉप बॅटरीवर राहील, टर्नटेबल थांबेल ना!

फेडर (पुणे)

थांबेल, आणि थांबताना बुवांचा आवाज रेड्यासारखा होत जाईल :) पण तेवढं कापून, ती बाजू पुन्हा लावून जोडता येतं. सीडी वाया जात नाही.

डेपोअण्णा (मिरज)

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. ताई म्हणाल्या तेच केलं.

मीटर लावला, ओपन दाखवला. सिरॅमिकच. एक मेगओहमचा रेझिस्टर आणि एक एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) घालून मधे बफर करून बघितला, कारण हाताला खाज. खर्ज परत आला! तासभर फार खूश होतो. मग भिंगातून सुई बघितली तर तिचं टोक खिळ्यासारखं. या सुईखाली वडिलांच्या रेकॉर्डी पुन्हा घालाव्यात असं वाटेना. नवा डेक मागवला, ७८ची सुईही. पुतण्याचा जुना लॅपटॉप आणि बाहेरून लावायचा सीडी रायटर. लॅमिंग्टन रोडला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

पहिले चार दिवस घूं. चार्जर काढला तरी घूं. मग लक्षात आलं, मी सवयीने डेकची अर्थची वायर नळाच्या पाइपला बांधली होती. सोडली, गेला. एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन!

आतापर्यंत ३८ एलपी आणि चौदापैकी बारा झाल्या. ७८ची सुई बदलल्यावर जो फरक पडला तो मला इथे लिहून दाखवता येणार नाही. एलपीच्या सुईने आधी एक वाजवून बघितली होती, तर पावसात पत्र्याखाली उभं राहून कोणीतरी गातंय असं वाटायचं. नव्या सुईने पाऊस थांबला नाही, पण माणूस पत्र्याच्या अलीकडे आला. चिरेच्या रेकॉर्डला दर फेऱ्याला एक ठोका येतो, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, नाडीसारखा. तो तसाच ठेवलाय.

पट्टीवरून मात्र भांडण झालं. सतारमेकर गल्लीतला मित्र ऐकायला बसला. पेटीवर पट्टी शोधली तर ती पांढरी आणि काळीच्या मध्ये कुठेतरी पडते. तो म्हणतो, त्या काळच्या सगळ्या रेकॉर्डी नेमक्या ७८वर नसायच्या, थोडा वेग वाढव. डेकला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आहे. मी म्हटलं, वाढवून काळीवर आणू की उतरवून पांढरीवर? त्यावर तो चहा प्यायला. ७८वरच ठेवलंय.

आईची मात्र तक्रार आली. पहिली सीडी दिली, पूर्ण ऐकली. म्हणाली, "ही उलटायला कोणी उठतच नाही रे." आमच्याकडे रेकॉर्ड उलटायला वडील उठायचे तेव्हा ती चहाचं आधण ठेवायची. आता एक बाजू संपून दुसरी कधी सुरू झाली तिला कळत नाही, आणि चहा राहून जातो. म्हणून आता दोन्ही बाजूंच्या मध्ये वीस सेकंद मोकळे सोडतो. सुई उचलतानाचा खट् आणि ठेवतानाचा खर्र् आधी कापत होतो, तेही परत ठेवलेत. ताई, यासाठी 'डिस्क ॲट वन्स'मध्ये काही वेगळं करावं लागतं का, की मी करतोय तसं ऑडॅसिटीतच शांतता घालू?

फेडर (पुणे)

तुम्ही करताय तेच बरोबर. शांतता पहिल्या बाजूच्या शेवटच्या ट्रॅकला जोडा, वेगळा ट्रॅक करू नका, नाहीतर काही प्लेयर तो नंबर दाखवतात आणि माणूस गोंधळतो. आणि सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, वर्षा-दोन वर्षांत सुटायला लागतं आणि फिरताना तोल जातो. पाण्याच्या शाईचं मार्कर घ्या.

डेपोअण्णा (मिरज)

लेबलं अडतीस चिकटवून झालीत. बघतो. वीस सेकंदांत आधण येत नाही असं आत्ताच सांगण्यात आलंय, चाळीस करतोय.